व्हर्लीनने सांगितलेली शाळा

व्हर्लीन पेटिग्रू तुम्हाला प्रश्न विचारते तो तुमचं तोंड उघडं असताना. एका हातात दात खरवडायची आकडी, दुसऱ्या हातात आरसा, वर डोळ्यांत जाणारा दिवा, आणि वरून आवाज येतो, "मग, थोरल्याला कुठे घालताय? हिलमोंट की वेस्टओव्हर?" तुम्ही घशातून काहीतरी आवाज काढता. तिला तो समजतो. वीस वर्षं ती आमच्या गावातल्या दातांच्या डॉक्टरांकडे लोकांचे दात साफ करते आहे. घशातल्या आवाजांची भाषा तिच्याइतकी कुणालाच येत नाही.

साउथ कॅरोलिनातल्या आमच्या काउंटीत आठवीतलं मूल घरात असणं म्हणजे लग्नाची मुलगी घरात असण्यासारखं आहे. नववीपासून काही सरकारी शाळांत खास अभ्यासक्रम आहेत, मॅग्नेट म्हणतात त्यांना. कुठल्याही भागातल्या मुलाने अर्ज करावा, पण जागा थोड्या, म्हणून चिठ्ठ्या टाकून प्रवेश. हिलमोंटला विज्ञान आणि गणित, वेस्टओव्हरला परदेशी भाषा आणि जगभराचा इतिहास. या दोन शाळांवरून आमच्याकडे लोकांनी चर्चमधले बाक बदललेत, एकमेकांशेजारी बसायला नको म्हणून. हिलमोंटवाले वेस्टओव्हरला 'गप्पांची शाळा' म्हणतात, वेस्टओव्हरवाले हिलमोंटला 'कोंबड्यांचं खुराडं'. मुलांना यातलं काही विचारत नाहीत. शाळा आईबापांना माहिती द्यायला एका संध्याकाळी बोलावते, तिथे त्यांना फक्त नेतात, चांगला शर्ट घालून.

या सगळ्या भांडणाच्या मधोमध व्हर्लीनची खुर्ची. काउंटीतले निम्मे आईबाप वर्षातून दोनदा तिच्यासमोर आडवे होतात आणि कळत नकळत सगळं सांगून जातात. कुठल्या शाळेचा गणिताचा मास्तर सोडून चाललाय, कुठे डब्याच्या सुट्टीत मारामारी झाली, कुठल्या बसला दीड तास लागतो, ती सगळं ऐकायची आणि पुढच्या माणसाचे दात घासता घासता त्याला फुकट वाटून टाकायची. हे तिला आवडायचं. तिचा बाप सूतगिरणीत होता. "आमच्या वेळी शाळा निवडायची नसायची," ती म्हणायची. "जवळ असायची. गिरणीच्या कुंपणाला लागून. आता निवडायला मिळतंय तर नीट बघून निवडू दे ना लोकांना."

मग तिच्याच मुलीची आठवी आली.

डेसा लहानपणी आईसारखीच बडबडी होती. सहावीत कुठेतरी तिचा आवाज गेला. आजार नाही, काही नाही. मैत्रिणींचा घोळका एके दिवशी दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला आणि हिला बोलावलं नाही, एवढंच. तेव्हापासून ती शाळेच्या ग्रंथालयात डबा खायची. घरी विचारलं तर "बरं चाललंय." व्हर्लीन अख्ख्या काउंटीची तोंडं उघडायची, आणि तिच्या घरातलं एक तोंड मिटलेलं. हे ती कुणाला सांगायची नाही. मला सांगितलं, कारण मी शेजारीण आणि आमचं कुंपण ठेंगणं आहे.

तिने डेसाला हिलमोंटला नेलं. डेसा म्हणाली, बरी आहे. वेस्टओव्हरला नेलं. बरी आहे. शेवटी, शाळांच्या यादीत नाव होतं म्हणून, काउंटीच्या पार टोकाला शेडी फोर्कला नेलं. तिथे प्राणी आणि शेतीचा अभ्यासक्रम. माहितीच्या त्या संध्याकाळी चारदोन आईबाप, गार झालेली पिमेंटो चीजची सँडविचेस आणि मिस्टर हटो नावाचे मास्तर, रबरी बूट घातलेले. त्यांनी भाषण केलं नाही. डेसाच्या हातात दुधाची बाटली दिली आणि एका लंगड्या करडाकडे बोट दाखवलं.

परतताना डेसा बोलायला लागली ती घर येईपर्यंत थांबली नाही. करडाचा पाय, त्याची पट्टी, हटोसर काय म्हणाले, बकऱ्यांना पोटं चार कप्प्यांची का असतात. व्हर्लीनने मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. दुसऱ्या दिवशी कुंपणाशी तिने मला हे सगळं सांगितलं. "लिनेट, माझी पोरगी परत आली गं," म्हणाली.

आता अशा वेळी शहाण्या बाईने काय करावं? गप्प बसावं. पण गप्प बसणं व्हर्लीनच्या पिंडातच नाही. आनंद झाला की तो सांगायचा, आणि सांगायला समोर माणूस आडवा पडलेलाच. "शेडी फोर्क पाहिलंत का? नाही? अहो, काय मास्तर आहेत! एकेका पोराला नावाने ओळखतात. आणि अर्ज कुणी करतच नाही, प्रवेश हमखास. पण कुणाला सांगू नका हं." असं तिने थंडीभर ज्याला त्याला सांगितलं. ज्याने त्याने कुणाला सांगितलं नाही, फक्त मेव्हणीला सांगितलं. कुणीतरी वर भर घातली की मोठ्या कॉलेजांना बकऱ्या सांभाळलेली मुलं फार आवडतात. झालं. हिलमोंटवाल्यांचं आणि वेस्टओव्हरवाल्यांचं जन्मात पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं.

माझा नवरा रसेल त्यातलाच. आमच्या आठवीतल्या कोल्बीचं नाव त्याने शेडी फोर्कला पहिल्या पसंतीवर टाकलं. आमचा कोल्बी कुत्रा दिसला की रस्ता बदलतो.

मार्चमध्ये चिठ्ठ्या निघाल्या. कोल्बीला जागा मिळाली. डेसाचं नाव प्रतीक्षायादीत, बरंच खाली. मी केक घेऊन जायचं की सांत्वनाला जायचं हे मला कळेना. शेवटी गेलेच नाही. व्हर्लीनच आली, कुंपणावरून हात पुढे करून "अभिनंदन" म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. मला तिचा राग आला. माणसाने इतकं चांगलं असू नये, समोरच्याची पंचाईत होते.

शेडी फोर्कची एक रीत आहे. एप्रिलमधल्या एका शनिवारी नव्या मुलांच्या घरच्यांनी यायचं आणि गोठा साफ करायचा. सगळ्यांनी, आईबापांसकट. प्रतीक्षायादीतल्यांनाही मुभा असते. एरवी येत कुणी नाही. व्हर्लीन आणि डेसा आल्या, जुने कपडे, जुने बूट. बाकी आम्ही कसे आलो होतो ते सांगायची लाज वाटते. रसेलने पांढरे बूट घातले होते.

हटोसरांनी सगळ्यांच्या हातात फावडी दिली. थोड्याच वेळात वेस्टओव्हरवाल्यांतली एक आई, तोंडाला रुमाल लावून, व्हर्लीनजवळ गेली. "रोज असाच वास असतो का हो?"

"चार दिवस जाणवतो," व्हर्लीन म्हणाली. "मग कळतसुद्धा नाही. तुमच्या लेकाला घाला बघू इथेच, सोडू नका."

मी फावडं टाकलं आणि तिला गोठ्यामागे ओढलं. "व्हर्लीन, एकदा तरी तोंड बंद ठेव! येऊ दे की त्यांना वास. पोटभर येऊ दे. ही बाई गेली तर तुझ्या पोरीचा नंबर वर सरकेल."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"मग काय गं? वास खरंच जातो, आणि शाळा खरंच चांगली आहे." तिचे डोळे भरले होते. "लोक माझ्यासमोर तोंड उघडून पडतात, लिनेट. विश्वासाने पडतात. माझ्या पोरीसाठी मी त्यांना वाईट सांगू लागले तर उद्या त्या खुर्चीशी उभी कशी राहू?"

मी रागारागाने गोठ्याच्या पुढच्या बाजूला आले. कोल्बी कुंपणाच्या सगळ्यात वरच्या फळीवर चढून बसला होता. खाली गोठ्याचा म्हातारा कुत्रा झोपला होता. पलीकडे डेसा एका उंच मुलीला, मार्गो तिचं नाव, करडू छातीशी कसं धरायचं ते दाखवत होती. "पाय मोकळे नको ठेवूस, घाबरतं ते," ती म्हणत होती, आणि मार्गो हसत होती.

"कोल्बी," मी विचारलं, "तुला यायचंय का इथे?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हे आत्ता विचारतेस?"

"आत्ता विचारतेय. सांग."

"मला आपल्या गल्लीतल्या शाळेत जायचंय. चालत. टायरेलबरोबर."

रसेल दोन दिवस धुसफुसला. आधी बूट गेले, मग शाळा गेली. सोमवारी मी जागा सोडली. आणि मग, दातांच्या खुर्चीशी उभी नसतानाही मला पहिल्यांदाच व्हर्लीनचं काम करावंसं वाटलं. ओळखीच्या आयांना एकेक करून फोन लावला. शाळेबद्दल चांगलं नाही, वाईट नाही, एक अक्षर बोलले नाही. एवढंच विचारलं, "तुमच्या मुलाला विचारलंत का?" दोघी चिडल्या, एकीने फोन आपटला. पण त्या आठवड्यात बऱ्याच घरांत जेवणाच्या टेबलावर तो प्रश्न विचारला गेला असावा, कारण जागा सुटू लागल्या. रुमालवाल्या बाईने मात्र सोडली नाही. तिच्या लेकाला डुकरं आवडली होती.

मेच्या सुरुवातीला शाळेतून व्हर्लीनला फोन आला. जागा आहे, डेसा येणार का. तिने हो म्हटलं, धावत वर जाऊन डेसाला मिठी मारली, दोघी रडल्या, आणि मग व्हर्लीन कपडे वाळवायच्या यंत्रातून काढायला खाली आली. भरलेली टोपली घेऊन परत वर चढताना तिला वरून आवाज आला. डेसा फोनवर होती.

"मार्गो, मी आहे. डेसा. अगं, मिळालं! मी येतेय."

पुढे मग करडांची नावं, बसमध्ये शेजारी कोण बसणार, डबा कुठे खायचा. व्हर्लीन टोपली मांडीवर घेऊन जिन्याच्या मधल्याच पायरीवर बसली. दुपार कलली, कपडे चुरगळले, तरी ती तिथून उठली नाही.