आधी पावडर, मग पेढा

डॉ. सुनंदा कांबळे यांना मी संशोधनाला प्रवेश मागायला पहिल्यांदा भेटले तेव्हा माझ्या हातात गुणपत्रिका होती आणि पिशवीत लाल पाण्याची बाटली. कबनूरला आमचं छोटं डाइंग, म्हणजे कापड रंगवायचा कारखाना. आज कुठल्या रंगाचं कापड निघालंय ते आम्हा पोरांना मागच्या ओढ्यावरून कळायचं. मॅडमनी गुणपत्रिका बाजूला ठेवली, बाटली उजेडात धरली आणि म्हणाल्या, “आणलीयस न्हवं? मग साफ करूनच न्यायची.” मॅडम मूळच्या कागलच्या. वर्गात त्या पुस्तकी मराठीत शिकवत, पण मनातलं बोलायचं झालं की गावची बोली येई.

प्रयोगशाळेतलं त्यांचं पहिलं ध्वनिलहरींचं यंत्र गुजरी या सराफबाजारातल्या एका सराफांनी दिलेलं होतं. त्यात पूर्वी साज, ठुशी असे सोन्याचे दागिने धुतले जायचे. कानाला ऐकू न येणाऱ्या त्या लहरींनी पाण्यात बारीक बुडबुडे होतात आणि फुटतात. पाण्यात टाकलेली उत्प्रेरक पावडर त्यामुळे घासून स्वच्छ राहते, तिच्यावर प्रकाश पडला की ती रंगाचे तुकडे करते. सहकारी हसत, तेव्हा मॅडम म्हणत, सोनं धुणाऱ्याला पाणी धुता येत नाही होय?

याच यंत्रावर माझ्या हातून एक मोठी चूक झाली. आमच्या डाइंगला सांडपाण्यावरून बंदची नोटीस आली होती. त्याच आठवड्यात माझ्या भांड्यातलं लाल पाणी विहिरीच्या पाण्यासारखं नितळ झालं. मी हुरळून घरी फोन केला. अब्बा पेढे घेऊनच आले, आणि ही पद्धत चालते असं मॅडमनी लिहून द्यावं म्हणून गळ घालू लागले. ते पत्र दाखवून मुदत मिळेल, अशी त्यांना आशा होती.

मॅडमनी पेढ्याला हात लावला नाही. तळाची पावडर गाळून स्पिरिटमध्ये टाकली. बघता बघता स्पिरिट लालभडक झालं. रंग तुटला नव्हता, नुसता पावडरीला चिकटला होता. प्रयोगाआधी पाणी आणि पावडर अर्धा तास अंधारात ठेवून किती रंग चिकटतो ते मोजायचं असतं, आणि घाईत मी तेच मोजायचं सोडलं होतं.

“पाणी तर पांढरं हाय की. द्या की लिहून,” अब्बा म्हणाले.

“न्हाय देणार. खालच्या गावातली माणसं त्येच पाणी पित्यात, भाई. पेढे घेऊन जावा. खरं साफ झालं की आणा.”

डाइंग बंद पडलं. मला मॅडमचा संताप आला, हे आज उघड लिहिते. त्यांना ते कळत होतं. दर रविवारी एसटीने त्या कबनूरला येत, अब्बांच्या अबोल्यासमोर बसून चहा घेत आणि काम कुठवर आलंय ते त्यांनी न विचारताच सांगत. सोमवारी माझ्याबरोबर भांडी घासायला उभ्या. “रडून झालं असंल तर अंधारातलं माप घे,” एवढंच म्हणत.

पुढे पावडर बदलली, दिवा बदलला, मी मात्र टिकले. शेवटी पाणी नितळ झालं आणि त्यात विष उरलं नाही ना हे बघायला पेरलेली मेथीही त्यावर उगवली. या वेळी फोन मॅडमनी केला. अब्बा आले, पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि त्यावर हात ठेवूनच उभे राहिले.

“आदी पावडर स्पिरिटात घाला,” ते म्हणाले. “मग पेढा.”

स्पिरिट पाण्यासारखं राहिलं. मॅडमनी दोन पेढे खाल्ले. त्यांचे डोळे भरलेले मी तेवढे एकदाच पाहिले.

आज अब्बांचं डाइंग पुन्हा चालू आहे आणि तिथलं पाणी पिंपापिंपाने असंच साफ होतं. ओढा मात्र अजून लालच आहे, कारण त्यावर डाइंगं पुष्कळ आहेत. एकसष्टीच्या शुभेच्छा द्यायला गेले तर मॅडमनी मला पुढच्या डाइंगचा पत्ताच दिला. तेव्हा मॅडम, तुम्हाला ठणठणीत प्रकृती आणि भरपूर आयुष्य लाभो. ओढा नितळ झाल्यावर त्याच्या काठी पेढे वाटायचे आहेत, आणि आधी स्पिरिटची बाटली तुमच्याच हातात लागणार आहे.