व्हाया नेरूळ

माझ्या दाजींइतका हट्टी माणूस अख्ख्या नवी मुंबईत दुसरा नाही, आणि असलाच तर त्याला दाजींनीच ट्रेनिंग दिलेलं असणार. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून मी आजवर सहन केलं. पण सहन करायलाही काही लिमिट असते!

दाजी एका गोदामवाल्या कंपनीचं कॉम्प्युटरचं जाळं सांभाळतात. ऑफिस नेरूळला, यार्ड कळंबोलीत, गोदाम उरणला. प्रत्येक ठिकाणचा एक एरिया, आणि सगळ्यांच्या मधला, शून्य नंबरचा एरिया नेरूळचा. राउटर म्हणजे निरोपांना वाट दाखवणारे डबे. त्यांना आपल्या एरियातला गल्लीबोळ पाठ. पण दुसऱ्या एरियाची खबर हवी तर ती शून्यातूनच यायची. मागे एका शहाण्या साहेबानं कळंबोली ते उरण थेट लाइन जोडायला लावली. दिवे लुकलुकले, पण पलीकडे एक अक्षर गेलं नाही. "मध्ये शून्य नाही, तर बोलणार कसे?" हे दाजींनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलं, की ते सुरू झालं की ताई उठून भाकऱ्या थापायला जायची.

बरं, ऑफिसात काय ते करा ना! पण यांनी ते घरात आणलं. मी कळंबोलीत, लोखंड बाजारात. धाकटा भाऊ उरणला. आमचं दोघांचं लहानपणापासून जमत नाही. समोरासमोर आलो की भांडण ठरलेलं. आई ताईकडे नेरूळला. झालं! दाजींनी ठरवून टाकलं, की आई म्हणजे शून्य एरिया आणि आमचा सगळा व्यवहार व्हाया नेरूळ. एकदा धाकट्यानं ओळखीच्या ट्रेलरवाल्याच्या हाती मला थेट सुकटीची पिशवी पाठवली. दाजी स्कूटरवर आले, पिशवी उचलली, नेरूळला नेली, आईसमोर ठेवली आणि मला फोन केला, "ये, घेऊन जा." अहो, सुकट आहे की पासपोर्ट? गेलो तर आईनं त्यातली अर्धी काढून घेतली, धाकट्याची खुशाली सांगितली आणि जेवायला बसवलं. माझं डोकं अजून तापतं.

मागच्या वर्षी आई गेली. वाटलं, आता तरी यातून सुटलो. कसलं काय! दाजींचा रोज संध्याकाळी फोन. "उरणला काही सांगायचंय?" मी चिडून म्हणायचो, "दाजी, त्याचा नंबर आहे माझ्याकडे!" "असू दे की," म्हणायचे, आणि उरणची सगळी खबर ऐकवूनच फोन ठेवायचे.

परवा म्हणाले, "धाकट्याचं हार्टचं ऑपरेशन ठरलंय. सोमवारी."

मी उसळलोच. "आणि मला नाही सांगितलं त्यानं? सख्ख्या भावाला?"

"सांगितलं की. तुला कळवा म्हणूनच मला फोन केला."

मी आवाज खाली आणून विचारलं, "घाबरलाय का?"

"खूप."

"मग सांगा त्याला, मी येतोय. म्हणावं, काळजी करू नको."

दाजी खाकरले. "एवढं मात्र माझ्याकडून नको. थेट सांग त्याला."

मी नंबर लावला. लगेच उचलला त्यानं.

"दादा?" म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द शेवटचा कधी ऐकला होता, मला काही केल्या आठवेना.