कुंदाकाकूंचं पूर्ण नाव

कुंदाकाकू सहसा कशाला भीत नाहीत. केळीच्या बागेत साप निघाला की मजूर बांधाकडे पळतात आणि काकू काठी शोधायला लागतात. पण त्या दुपारी लॅपटॉपसमोर बसलेल्या काकूंचे हात असे कापत होते, की आधार कार्डावरचा फोटो कॅमेऱ्यात धड दिसत नव्हता.

मी ज्योती, त्यांच्या धाकट्या दिराची मुलगी. चोपड्याला बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. जूनमध्ये काका त्या दुकानाच्या पायऱ्या धापा टाकत चढून आले. काकांचं नाव बन्सीलाल, पण गाव त्यांना नाना म्हणतं, म्हणून मीही नानाच म्हणते. दवाखान्याची फाइल शोधताना त्यांना पेटीत काकूंची बारावीची गुणपत्रिका सापडली होती. लग्नाला तीस वर्षं झाली, आणि बायकोला पहिला वर्ग होता हे ह्या गृहस्थांना आत्ता कळलं!

"इना फारम भर," ते म्हणाले. "कॉलेज अर्धं राही गयं तिनं. मना पायरे."

माझ्यामुळे, असं नाना म्हणाले. नाना असं सहजासहजी बोलणारा माणूस नाही. मला भरून आलं आणि मी फॉर्म भरला.

घरबसल्या बी.ए. करायचं. धडे मोबाइलवर, चाचण्या मोबाइलवर. काकू आधी नाही नाही म्हणाल्या. मग नमुन्याचा धडा त्यांनी पाहिला, तोही डोक्यावरून पदर घेऊन, कारण पडद्यावरचे सर आपल्याकडेच बघतात असं त्यांना वाटत होतं. सरांनी "समजलं का?" विचारलं की काकू "हो सर" म्हणायच्या. मी हसले तर माझ्या पाठीत धपाटा बसला. त्या आठवड्यात काकूंनी दोनशे पानी वही आणली, तिला कव्हर घातलं आणि त्यावर नाव लिहिलं, कु. बी. पाटील.

तो 'बी' मी तेव्हाच नीट बघायला हवा होता.

प्रवेशाची शेवटची पायरी व्हिडिओची होती. आधार कार्ड चेहऱ्याजवळ धरायचं, कार्डावर आहे तसं पूर्ण नाव मोठ्याने म्हणायचं आणि मी स्वतःच्या इच्छेने प्रवेश घेत आहे असं सांगायचं. संधी तीन. तिन्ही हुकल्या की ह्या वर्षीचा प्रवेश बंद. मुदत त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत. काकू रोज उद्या म्हणत होत्या, म्हणून शेवटी मीच लॅपटॉप घेऊन गावात गेले. नाना गोळ्या घेऊन ओट्यावरच्या खाटेवर झोपले होते.

"मी कुंदाबाई पाटील," काकू म्हणाल्या. पडद्यावर लाल अक्षरं आली, नाव जुळत नाही.

दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "मी कुंदाबाई," मग नुसतेच ओठ हलले, आणि मग "पाटील." पुन्हा लाल.

आता माझं डोकं तापलं. "काकू, नवऱ्याचं नाव घ्यायला लाजतेस काय? नातवंडं झाली तुला! लग्नात उखाण्यात घेतलंच होतंस ना?"

"उखाणामा चालस," त्या म्हणाल्या. "उघडं नाव लिधं का त्यासनं आयुष्य कमी व्हस."

नाव उघड घेतलं की आयुष्य कमी होतं हे काय खूळ, असं म्हणायला मी तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"जळगावना दवाखानामा खिडकीवरनी पोरनी इचारं, पेशंटनं नाव काय? तुम्ही सगळा गाडीजवळ व्हतात. मी एकलीच व्हती. मी नाव लिधं. मंग काय व्हयनं, तुले माहीत शे."

मला माहीत होतं. तासाभरात नानांचं हृदय बंद पडलं होतं. डॉक्टरांनी छाती दाबून दाबून ते पुन्हा चालू केलं. आम्ही सगळे दाराबाहेर रडत होतो आणि काकू एकट्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्या देवाचा धावा करत असतील असं मला वाटलं होतं. त्या स्वतःला शिव्या देत होत्या. आठ महिने ही बाई हे कुणाला न सांगता जगली आणि मी तिला लाजतेस का म्हणून विचारलं. माझीच मला चीड आली.

"राहू दे काकू," मी म्हणाले. "बंद करते."

काकूंनी वहीकडे पाहिलं. मग दारातून दिसणाऱ्या खाटेच्या पायाकडे पाहिलं. साडेचार झाले होते.

"त्यासनीच फारम भरा ना?" त्या म्हणाल्या. "लाव."

मी बटण दाबलं. काकूंनी डोळे मिटले. "मी कुंदाबाई बन्सीलाल पाटील. मी स्वतःच्या इच्छेने प्रवेश घेत आहे." शेवटचा शब्द संपायच्या आत त्या उठून ओट्यावर धावल्या. पडद्यावर हिरवी खूण आली. ती बघायला त्या थांबल्याच नाहीत.

मी मागोमाग गेले. नाना उताणे पडले होते, तोंड किंचित उघडं.

"अहो," काकू म्हणाल्या. नाना हलले नाहीत. "अहो! आयकी राह्यनात ना?" काही नाही. काकूंनी खांदा हलवला तर मान एका बाजूला पडली. मेलं ते बी.ए., असं मी मनात म्हणाले, आणि माझ्याच्याने पुढे पाऊल टाकवेना.

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला होता. आणि मग त्या ओरडल्या, चार घरांपलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "बन्सीलाल! ओ बन्सीलाल!"

नानांनी डोळे उघडले. धडपडत उठून बसले, इकडेतिकडे पाहिलं. गोळ्यांची गुंगी अजून उतरली नव्हती.

"कोन हाक मारी?" त्यांनी विचारलं.

काकूंनी पदर तोंडाशी नेला. मीच म्हणाले, "नाना, काकूंनी मारली."

नाना काकूंकडे बघतच राहिले. रागावतील असं मला वाटलं. पण त्यांचे डोळे भरून आले होते.

"माले वाटनं, माय उनी," ते म्हणाले. "माय गई, मंग कोनी मना नाव लिसन हाक मारी नही."

आजी, म्हणजे नानांची आई, जाऊन नऊ वर्षं झाली. त्यानंतर कुणासाठी ते नाना, कुणासाठी काका, कुणासाठी अहो. बन्सीलाल फक्त कागदावर.

काकू खाटेच्या कडेला बसल्या. पदर तोंडात कोंबून रडत होत्या.

"आखो एक डाव हाक मार," नाना म्हणाले.

काकूंनी मानेने नाही म्हटलं. नाना वाट बघत बसून राहिले. मग काकूंनी त्यांच्या छातीवर हात ठेवला, धडधड नीट लागेपर्यंत दाबून धरला, आणि हळूच हाक मारली.