वारा पडल्यावर

दोन हजार चार सालच्या सप्टेंबरात, लाँग वीकेंडला तीन दिवस रजा जोडून, आम्ही चौघे मित्र शिकागोहून मिनेसोटाच्या उत्तर टोकाला गेलो. सगळे सॉफ्टवेअरवाले, सगळे बिनलग्नाचे. तिकडे रस्ते नाहीत, फोन लागत नाही. तळ्यांमागून तळी आणि मधे जंगल. आम्ही दोन कनू, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होड्या, भाड्याने घेतल्या होत्या. मला पोहता येत नाही हे तिघांनाही ठाऊक होतं, त्यामुळे माझी कनू मुद्दाम हलवायची हा पहिल्या दिवसापासून त्यांचा खेळ झाला. मी कड घट्ट धरली की ते खिदळायचे. त्यात माझा रूममेट सगळ्यात पुढे. पुण्याला हॉस्टेलवरही आम्ही एकाच खोलीत राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका छोट्या बेटावर थांबलो. मी झाडीत जाऊन आलो, तर दोन्ही कनू पाण्यात!

"अस्वल आलं तर आमचा नमस्कार सांग!" रूममेट ओरडला.

मीही हसलो. वाटलं, आता वळतील. पण ते थेट समोरच्या काठावर, आमच्या तंबूपाशी पोचले आणि तेवढ्यात वारा सुटला. लाटा अशा उसळल्या की त्यांना येणं शक्यच नव्हतं, हे मलाही दिसत होतं. मग पाऊस आला. माझ्या अंगावर टी-शर्ट आणि लाइफ जॅकेट. काडेपेटी, खाणं, सगळं पलीकडे.

संध्याकाळी पाऊस थांबला, वारा पडला. पाणी ताटासारखं सपाट झालं. समोर शेकोटीभोवती बसलेले तिघे मला दिसत होते. मी दोन्ही हात हलवले, ओरडलो. एकाने उठून हात हलवला. मी जॅकेटचे बंद आवळून काठावर तयार उभा राहिलो. तो परत खाली बसला.

ते सकाळी आले. माझे दात वाजत होते, बोटं मिटत नव्हती. रूममेटने आधी कॅमेरा काढून माझा फोटो घेतला.

"वारा फार होता रे," तो म्हणाला.

"संध्याकाळीच पडला होता. मी बघत होतो."

बाकीचे दोघे पाण्याकडे बघू लागले. तो मात्र सहज बोलला, "अरे यार, खिचडी झाली होती, पत्ते रंगले होते. मग उठायचा कंटाळा आला."

मला राग यायला हवा होता. मी विचारलं, "खिचडी उरलीय का?"

उरली नव्हती.

गाडीपर्यंत पोचायला अजून दोन दिवस होते आणि बसायचं त्याच्याच कनूत. मधूनच तो कनू हलवायचा. मी हसत हसत "नको ना रे" म्हणायचो. हसलो नाही तर तो आणखी हलवेल, अशी भीती वाटायची.

परतल्यावर मी दुसरीकडे राहायला गेलो. दिवाळीला एका काकूंकडे सगळे जमलो, तेव्हा त्याने हा किस्सा रंगवून सांगितला. माझ्या दातांची नक्कलसुद्धा केली. लोक पोट धरून हसले. काकूंनी तेवढं विचारलं, "मग हा जेवला काय?"

मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "ब्लूबेरीज खाल्ल्या असतील काकू, जंगलात काय कमी!"

पुन्हा हशा पिकला. मी ताट ठेवलं, जॅकेट घातलं आणि बाहेर पडलो. मी गेल्याचं कुणाच्या लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही.