मालुआक्कांचे पांडव

आमच्या अपार्टमेंटात कुणाच्या घरात काय शिजतंय ते मला वासावरून कळतं. काय बिनसलंय ते कळायला मात्र दार जरा उघडं ठेवावं लागतं. दिवाळीच्या पाडव्याला सकाळी मी ते तसंच ठेवलं होतं, तेव्हा समोरच्या मालुआक्का गाठोडं घेऊन बाहेर पडताना दिसल्या.

खानापूरच्या पलीकडच्या एका गावात त्यांचा सारा जन्म भातशेती आणि गोठ्यात गेला. नवरा वारला, जनावरं विकली, मग मुलगा नागेंद्र त्यांना शहरात, टिळकवाडीत घेऊन आला. इथली ही त्यांची पहिली दिवाळी.

"काय आक्का, कुणाबरोबर पळून चाललाय?"

"पळत न्हाय, गावाकडं चालले. गाईच्या शेणाचं पाच पांडव उंबऱ्यावर बसल्याबिगर माझा पाडवा हुईत न्हाय, महादेवा. आमच्या पोरानं काय आणलंय बघ जा."

नागेंद्रनं नर्सरीतून शेणखताचं पाकीट आणलं होतं. वर गुलाबाचं चित्र.

"शेणच आहे की आई ते!" तो आतून म्हणाला.

"भुकटी हाय ती! हिचा भीम करू का अंगारा लावू?"

मला हसू आवरेना, पण सून सौम्या हसत नव्हती. जिन्यात गाठून म्हणाली, "काका, आज गेल्या तर परत यायच्या नाहीत. गुडघे हे असे, आणि त्या बंद घरात एकट्या राहणार. ताजं शेण कुठं मिळेल?"

आक्कांना मी म्हटलं, "थोडं थांबा, खानापूरची बस काय पळून जात नाही." आणि त्यांचं लक्ष नाही असं बघून त्यांच्या चपला आमच्या कपाटात ठेवून दिल्या. खबरदारी बरी.

नवी इरकल नेसलेली सौम्या माझ्या स्कूटरवर मागं, मांडीवर बादली. टिळकवाडीनं अशी वरात पाहिली नसेल. त्यात पाडवा, म्हणजे रस्ताभर गवळ्यांच्या म्हशी. शिंगं रंगवलेल्या, गळ्यात घुंगरं, मोटारसायकलीमागं धावणाऱ्या. शेणाला तोटा नव्हता. मी आक्कांना फोन लावला, "म्हशीचं चालंल काय?"

"म्हशीचं? कौरव करायचं हाईत व्हय रं?" फोन बंद.

शेवटी अनगोळच्या एका गल्लीत गाय सापडली. तिची मालकीण जयाबाई म्हणाली, "न्या की हवं तेवढं. पण अंगण मी आत्ताच झाडलंय, आता ती देईल तवा." गाईला काही घाई नव्हती. मी तिला बरंच समजावलं. सौम्या नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. आणि वेळ आली तेव्हा ह्या पोरीनं पदर खोचून दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. मी आपली बादली धरली.

आम्ही परतलो तर आक्का दारात गाठोड्यावर बसलेल्या. बादलीत वाकल्या, वास घेतला. "गाईचंच हाय." मग हात घातला. बोटं मिटेनात. गेल्या वर्षापासूनच ती वाकडी झालीत. हात धुऊन त्या हळूच म्हणाल्या, "तूच कर गं. पांडव सुनंनंच करायचं असतात."

सौम्यानं केले. धर्मराज कलंडला, नकुल-सहदेव एकमेकांना चिकटले, भीम तर उंबऱ्यात मावेना.

"ह्यो एवढा कसा?"

"भीम आहे ना, आई."

"हितलं जेवाण मानवलंय त्याला," म्हणत आक्का हसल्या. सौम्याचं मनगट धरून त्यांनी एकेकाच्या डोक्यावर झेंडू खोवायला लावला. दहीभाताचा नैवेद्य झाला.

नागेंद्रनं विचारलं, "कचऱ्याची गाडी उद्या येईल. हे तेव्हा टाकायचे काय?"

"कचऱ्यात? मुडद्या! वाळवून ठिवायचं. रथसप्तमीला ह्येंच्याच जाळावर दूध उतू घालवायचं असतंय."

"ते मला नाही येत," सौम्या म्हणाली.

"कसं येणार? करपवून टाकशील. रथसप्तमीपतोर घरात कोण तरी जाणतं पायजेच."

 मी गुपचूप चपला आणून जागेवर ठेवायला गेलो, तर आक्कांनी पाहिलंच.

"असू दे रं, महादेवा," त्या म्हणाल्या, "तुझ्याच कपाटात."