खैरूभाबीने खाली ठेवलेला कहवा

खैरूभाबीला राग आला की ती भांडी घासायला बसायची. त्या सकाळी घासून लख्ख केलेली कढई तिने पुन्हा राखेत घेतली, तेव्हाच गल्लीने ओळखलं, आज काहीतरी बिनसलंय.

बिनसलं होतं मागच्या मैदानात. तिथे कुणीतरी चुन्याच्या रेघा मारून गेलं होतं.

साठचं दशक नुकतं लागलेलं. बर दुबईतून अल मनखूलच्या वाळूकडे निघालं की खजुराच्या झावळ्यांच्या घरांची एक गल्ली लागायची. दाभोळ, हर्णै, श्रीवर्धन, सगळी किनारपट्टी तिथे शेजारी शेजारी येऊन बसलेली. पुरुष कुणी बंदरावर, कुणी दुकानात, कुणी लाँचवर. खैरूभाबीचा नवरा मोहिद्दीन लाँचवर होता, महिनोन्‌महिने पाण्यावर. इकडे ती घराला टेकवून बांधलेल्या स्वयंपाकघरात खानावळ चालवायची. एकट्या राहणाऱ्या कोकणी पोरांना तिच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण मिळालं की ती निमूट कामाला लागायची.

आणि या सगळ्याचा जीव म्हणजे मैदानातली विहीर. आसपासच्या विहिरी अशा खारट की त्या पाण्याचा चहा तोंडात धरवत नसे आणि डाळ दुपारपर्यंत उकळली तरी टणकच. पाणी गोडं ते या एकाच विहिरीचं. आता नेमकी तीच चुन्याच्या रेघेच्या आत गेली होती.

रेघा शेजारच्या शाळेच्या होत्या. शाळेचं कॉलेज करायचं ठरलं होतं. नवे वर्ग, वसतिगृह, खेळायला पटांगण आणि सगळ्याभोवती उंच भिंत. जमीन सालेम नावाच्या अरब मालकाची, त्याने ती खुशीने दिलेली. गंमत बघा, खैरूभाबीची शहनाझ त्याच शाळेत शिकत होती, आणि शाळा वाढावी असं गल्लीत सगळ्यांत जास्त कुणाला वाटत असेल तर ते खैरूभाबीलाच!

“अम्मी, इट विल बी अ बिग कॉलेज!” शहनाझ नाचत म्हणाली.

“होऊ दे गं माझे राणी, बिग होऊ दे. पण बिग व्हायला आमची विहीर कशाला गिळायला पाहिजे?”

त्या संध्याकाळी खानावळीतच मीटिंग बसली. पुढारी अर्थातच लियाकत. तो एका शिपिंग ऑफिसात क्लार्क होता आणि पुढारी व्हायची संधी बिचाऱ्याला कधी मिळत नसे. “हे बघा, झगडा नको,” तो घसा साफ करत म्हणाला. “आपण परमुलखातले. प्रॉपर चॅनलने जायचं, सालेमसाहेबांना पोलाइटली रिक्वेस्ट करायची.”

दुसऱ्या दिवशी पाचसहा पुरुष इस्त्रीचे कपडे घालून सालेमच्या बैठकीत गेले आणि खुशीत परत आले.

“काय तो कहवा, भाबी! फर्स्ट क्लास! कप रिकामा झाला की लगेच भरतात.”

“आणि विहिरीचं काय झालं?”

“सालेमसाहेब इन्शाल्ला म्हणाले.”

कोपऱ्यात मरियमबी सुपारी कातरत बसली होती. गल्लीत वयाने सगळ्यांत मोठी आणि जिभेने सगळ्यांत तिखट. तिने अडकित्ता थांबवला. “लियाकत, इन्शाल्ला कुठल्या सुरात म्हणाले रे?”

लियाकतला सूर काही सांगता आला नाही. पण चार दिवसांत विहिरीपाशी दगडांचा ढीग येऊन पडला, तेव्हा सूर सगळ्यांनाच कळला. कहवा पिऊन आले बहाद्दर!

“यल्ला, उठ,” मरियमबी खैरूभाबीला म्हणाली. “पुरुषांचं झालं. आता आपण जाऊ.”

दोघी गेल्या त्या सालेमच्या आईकडे. उम्म सालेमचा नवरा मोत्यांचा व्यापारी होता. त्याच्याबरोबर ती कित्येक वर्षं मुंबईत राहिलेली, त्यामुळे हिंदी अगदी सफाईने बोलायची. म्हातारीने दोघींना गालिच्यावर बसवलं, खजूर पुढे केले आणि दासीने खैरूभाबीच्या हातात कहव्याचा इवलासा कप दिला.

आता आमच्या कोकणातली रीत अशी की पाहुण्याने पहिल्या झटक्याला काही तोंडाला लावायचं नाही. लावलं तर हावरट. यजमानाने ‘घ्या हो घ्या’ म्हणायचं, पाहुण्याने ‘नको हो’ म्हणायचं, असं थोडं झालं म्हणजे मग घ्यायचं. खैरूभाबी रीतीची पक्की. तिने कप अलगद समोर ठेवला आणि पदर सावरून आग्रहाची वाट बघत बसली.

आग्रह कसला! सगळी खोलीच एकदम गप्प झाली. दासी दल्ला, म्हणजे कहव्याची किटली, हातात धरून जागच्या जागी थिजली. उम्म सालेम ताठ बसली आणि त्या कपाकडे बघतच राहिली. खैरूभाबीने पदर आणखी घट्ट ओढला. हाय अल्ला, आपण केलं तरी काय?

“बोल बेटी,” म्हातारी म्हणाली. “बिना पिये कप रखा है. हमारे यहाँ मेहमान ऐसा तब करता है जब कुछ माँगने आता है. और माँगी हुई चीज दिये बगैर हम उसे जाने नहीं देते. बोल, क्या चाहिए?”

मरियमबीने तिला कोपराने असं ढोसलं की बरगडी दुखली असेल. खैरूभाबी धडपडत म्हणाली, “विहीर... कुआँ. कुएँ को दीवार के बाहर रखो. बस.”

सालेमला बोलावणं गेलं. तो पडद्याआड उभा राहून आईशी अरबीत बोलला, आणि म्हातारीचा चेहरा उतरला. तिने सांगितलं ते असं. विहीर बाहेर ठेवायची तर तेवढी जागा गल्लीच्या टोकाला घ्यावी लागेल, नाहीतर वसतिगृह बसत नाही. टोकाला एक स्वयंपाकघर आहे. ते पाडावं लागेल.

“वो किसकी है?” म्हातारीने विचारलं.

“मेरी,” खैरूभाबी म्हणाली.

“जबान मैंने दी है, वो नहीं फिरेगी. पर माँगना तेरा है. चाहे तो रसोई माँग ले. सोच ले.”

खैरूभाबीने विचार केला, आणि खोटं कशाला सांगा, पहिला विचार तिच्या मनात चुलीचाच आला. ते स्वयंपाकघर तिने काठी काठी जमवून उभं केलं होतं. रेघेबाहेर ते सुरक्षित होतं, आणि तीच मूर्खासारखी ते तोडायचं मागायला आली होती! क्षणभर तिला गल्लीचा, लियाकतचा, शेजारी बसलेल्या मरियमबीचासुद्धा राग आला. तिने मरियमबीकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती. माग म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. तिच्या गुडघ्यांना दूरच्या विहिरीची वाट झेपणार नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं.

“कुआँ,” खैरूभाबी म्हणाली आणि कहवा एका घोटात पिऊन टाकला. कडू लागला, पण प्यायली.

भिंत विहिरीला वळसा घालून गेली. स्वयंपाकघर गेलं. खैरूभाबीने चूल विहिरीजवळ उघड्यावर मांडली, अंगावर वाळू, डोळ्यांत धूर, पण खानावळ एक दिवस बंद ठेवली नाही. गल्लीतल्या बायका पाणी भरायला आल्या की तिला हंड्याला हात लावू देत नसत. तिचं पाणी आधी भरायचं, मग आपलं. सुट्टीत कॉलेजची पोरं भिंतीला वळसा घालून यायची आणि तीही तिथेच पाणी प्यायची. बघून बरं वाटायचं.

मग मोहिद्दीन आला. पेटी खाली ठेवली आणि स्वयंपाकघराच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. लियाकतने सगळी हकिकत रंगवून सांगितली, त्यामुळे मोहिद्दीनचा पारा आणखीच चढला.

“एवढ्या मोठ्या घराने माग म्हटलं आणि तू स्वतःचं स्वयंपाकघर देऊन आलीस? कुणाला विचारून?”

“तुम्ही इथे असता तर तुम्हांला विचारलं असतं,” खैरूभाबी भाकरी थापता थापता म्हणाली. “स्वयंपाकघर तुम्ही मला पुन्हा बांधून द्याल, याची मला खात्री होती. गोडं पाणी कुठून आणून दिलं असतंत?”

मोहिद्दीनने चुलीभोवतीची जागा पावलांनी मोजली. मग त्याने अंगातला शर्ट काढून पेटीवर टाकला.

“चुलीचं तोंड कुणीकडे करू?” त्याने विचारलं.

“विहिरीकडे,” ती म्हणाली. आणि इतके दिवस एक टिपूस न गाळलेली ती बाई, पिठाच्या हातांनीच तोंड झाकून घळाघळा रडली. सुखाने हो!