थेट बिशपांकडे

बिशपांनी अंगठीचा हात पुढे केला, तेव्हा मला बक्षीस मिळतंय असं समजून मी तळवा पसरला. पुढे काय बिघडलं ते सांगण्याआधी हे सांगून टाकते, म्हणजे मी किती शहाणी होते ते कळेल. कॅथलिक माणसं गुडघा टेकून त्या अंगठीचं चुंबन घेतात. आणि मी एकोणीस वर्षांची, नऊवारीतली, एका हातात केळी-लिंबांचं ताट, दुसरा हात भिकाऱ्यासारखा पुढे! बिशपांनी हसू आवरून हात मागे घेतला.

मूर्खपणा माझा, पण त्याचं बी आमच्या घरातलं. तंजावरचं राज्य बुडून शंभर वर्षं होत आली होती, तरी कुंभकोणमला आमच्या ओसरीवर आजोबा रोज बजावत, "आपल्या घराण्यातला माणूस कारभाऱ्याशी बोलत नाही. अर्जी थेट सरकारांपुढे." दरबारातलं आमच्याकडे उरलं होतं काय, तर एक गंजकी तलवार आणि ही अक्कल.

माझी मैत्रीण माझ्याबरोबर मुलींच्या शाळेत शिकवायची. कॅथलिक, कावेरीपलीकडल्या एका खेड्यातली, जमीनवाल्या जातीतली. तिचं मन बसलं होतं तिच्याच चर्चमधल्या एका मास्तरावर. पण तो बसायचा कठड्याच्या पलीकडे. हो, कठडा! चर्चच्या मधोमध लाकडी कठडा, एका बाजूला जमीनवाले, दुसऱ्या बाजूला त्यांच्या शेतात राबणारे. आज म्हातारपणी हे लिहितानाही माझा संताप होतो. आमच्याकडे तरी काय वेगळं होतं म्हणा. पण आपण सगळे एका बापाची लेकरं, असं आम्ही दर रविवारी गात नव्हतो.

त्यांच्या रिवाजाप्रमाणे लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं वाचतात. वाचायची की नाही हे धर्मग्रामाच्या, म्हणजे त्या चर्चखालच्या सगळ्या वस्तीच्या, मोठ्या फादरांच्या हातात, आणि मोठ्या फादरांना धाक जमीनवाल्यांचा. ते रुसले तर चर्चच्या सणाचा रथ जागचा हलायचा नाही! त्यांच्या हाताखालचे धाकटे फादर मात्र संध्याकाळी सायकल हाणत तिच्या बापाकडे जाऊन बसत, आणि मोठ्यांच्या कानावरही हळूहळू शब्द घालत. वेळ थोडा होता. उपवासाचे चाळीस दिवस लागले की लग्नं बंद, आणि ईस्टरनंतर सिलोनहून तिच्या मामाचा मुलगा येणार होता, तिच्याशी लग्न करून तिला न्यायला.

"थांब जरा," ती मला म्हणायची. "मोठे फादर अर्धे वळलेत. या रविवारी पहिलं वाचन होईल बघ."

मी कसली थांबतेय! तिला न सांगता ताट सजवलं आणि बिशपांचा बंगला गाठला. मोठ्या फादरांची तक्रार केली. एवढ्यावर गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण मी वर म्हणाले, "त्यांच्यापेक्षा धाकटे फादरच खरे ख्रिस्ती आहेत. नावं वाचावीत असं तेसुद्धा म्हणतात." बिशपांनी शांतपणे ऐकलं आणि "चौकशी करू" म्हणाले. मी घरी आले ती गड जिंकल्यासारखी. आजोबांनी माझी दृष्ट काढवली.

चौकशी कशी झाली, ऐका. तक्रार वरून खाली उतरली ती ज्यांच्याविरुद्ध होती त्या मोठ्या फादरांच्याच टेबलावर. आपलं म्हणणं कळवावं! त्यांनी कळवलं, आणि खापर फुटलं धाकट्या फादरांवर. धाकट्या फादरांनी आज्ञेत राहण्याचं वचन दिलेलं. वरून हुकूम आला की ट्रंक उचलायची, का म्हणून विचारायचं नाही. शनिवारी ते लांबच्या धर्मग्रामाकडे जाणाऱ्या बसमध्ये चढले. ज्या गावातल्या पोरांना त्यांनी बाप्तिस्मा दिला, म्हाताऱ्यांना माती दिली, त्या गावाला कुणी विचारलंसुद्धा नाही. गावाला फादर मिळतो आणि गावाचा फादर जातो, गावाने फक्त बघायचं. रविवारी नावं वाचली गेली नाहीत. पुढच्याही नाहीत. मग उपवास लागले.

आणि सख्ख्या मामाच्या मुलाशी लग्न? तेही त्यांच्या नियमात बसत नाही. त्याला खास सूट लागते, वरून. ती सूट मात्र आली. वेळेवर आली! एका रक्ताची माणसं चालतात, कठड्यापलीकडचा चालत नाही. माझं डोकं तेव्हा फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही.

शाळा सोडायच्या दिवशी ती कपाटाची किल्ली परत द्यायला आली. व्हरांड्यात मी तिला गाठलं आणि रडायला लागले. रडायचं तिने, तर तिथेही मीच पुढे.

"तुझ्या भल्यासाठीच गेले होते गं," मी म्हटलं. "मला वाटलं, सगळ्यात वरच्याच्या कानावर घातलं की..."

तिने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"तुमच्या राजाचं राज्य कसं गेलं ते मला आज कळलं," ती म्हणाली. "तुझ्यासारखीच भलं करणारी माणसं असतील पदरी."